कारणाचा रकाना

“काका, तिथं ऊन यायला लागलंय. जरा सावलीला सरका,” असं मंजुषा शेडगे मला म्हणाल्या आणि मी मुकाट सरकलो. विभाग कार्यालयाचा पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा, भिंतीला लागून लोखंडी बाक, समोरच्या खिडकीतून अकराचं ऊन बाकाच्या डाव्या टोकावर आलेलं. बाई बोलल्या त्यात वावगं काहीच नव्हतं. पण हेच वाक्य याच बाईंनी पाच वर्षांपूर्वी मला एकदा ऐकवलं होतं. तेव्हा बाक सिमेंटचा होता, त्यांच्या तोंडावर मास्क होता आणि मी सरकलो नव्हतो. त्यांना ते आठवत होतं म्हणून मुद्दाम बोलल्या, की दिसेल त्याला सावलीला बसवायची त्यांना सवयच आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मास्क नसलेला हा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. चाळिशीच्या बाई, महापालिकेची खाकी साडी, हातात पाण्याची बाटली. त्या समोरच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या, कारण बाक एकच होता आणि त्यावर आम्ही बसलो होतो, त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारे.

माझ्या उजव्या हाताला माझी मुलगी प्रिया होती. मांडीवर फाइल, फाइलमध्ये पिवळे-हिरवे चिकटकागद लावून पानं वेगळी केलेली. ती ऐरोलीला एका कंपनीत आहे आणि तिचं कामच तक्रारींचं. परदेशातल्या कुणाकुणाच्या विम्याच्या तक्रारी वाचायच्या, त्यांना नंबर द्यायचा, वरच्याकडे पाठवायच्या आणि उत्तर येईस्तोवर सोडायच्या नाहीत. “तक्रार कधी बंद होते माहितेय का पप्पा? एक कुणीतरी दमतो तेव्हा,” असं ती एकदा म्हणाली होती. ती दमत नाही, ते तिनं आईचं उचललं आहे. गेल्या दिवाळीत रेशनकार्ड शोधताना माझ्या कपाटात तिला एक गुलाबी पावती सापडली. दंड पाचशे रुपये, तारीख एप्रिल दोन हजार एकवीसची, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं, ठिकाण कोपरखैरणे, तलावाजवळ. ‘कारण’ या रकान्यात निळ्या पेननं एकच शब्द लिहिला होता, विनाकारण. संचारबंदीत विनाकारण बाहेर फिरताना आढळला म्हणून हा दंड. त्याच दिवशी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी वाशीच्या दवाखान्यात तिची आई, माझी बायको संध्या गेली. प्रिया पावती घेऊन कपाटापुढे जमिनीवरच बसली. “विनाकारण?” ती म्हणाली. “आईला बघायला चाललेला माणूस, आणि विनाकारण? पप्पा, तू हे पाच वर्षं कपाटात ठेवून गप्प बसलास?”

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण तोंड मी फार आधी, चुकीच्या वेळी उघडून बसलो होतो. संध्या गेली त्या दुपारी मेव्हण्याचा फोन आला, मिथुनचा. तो रडत विचारत होता, दाजी, शेवटचं भेटलात ना? मी म्हटलं, नाही रे, वाटेत अडवलं. एवढंच म्हटलं. पुढचं सगळं माणसांनी आपल्या मायेनं घातलं. कुणी त्यात नाका आणला, कुणी बॅरिकेड आणलं, सासू सुमित्राबाई तर दहाव्याला साऱ्या गावासमोर म्हणाली, “जावय हाता-पाया पडत व्हता, तरी सोरला नाय मेल्यांनी.” मी पाटावर बसून ते ऐकून घेतलं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी सकाळी नऊ वाजल्यापासून पावणेबारापर्यंत तलावाकाठच्या बाकावर बसून होतो, दवाखाना स्कूटरनं दहा मिनिटांवर असताना. हे मला ठाऊक होतं, आणि समोर भिंतीला टेकून पाणी पिणाऱ्या या बाईंना ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला नव्हतं.

शिपाई जोतीराम चहा घेऊन आला. हा आमच्या गावातलाच, माझ्याहून दोन वर्षं पुढे शाळेत. कप देताना वाकून माझ्या कानाशी म्हणाला, “धनेश, पोरीला सांग, लय तानू नको. बाईंची बढतीची फाइल वर गेलती, सतरा वर्षांनी. ह्या भानगडीनं ती अडकून पडलीय. आज नोंद झाली त खल्लास.” मी म्हटलं, बघतो. बघण्यासारखं काय होतं? प्रियानं ऐकलं होतंच. “अडकू दे,” ती हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाली. “आईकडे निघालेला तू पण अडकलासच ना.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, “तू टेन्शन घेऊ नको. तू नुसता बस. बोलायचं मी बघते.” आमच्या आगरी घरांत बापाला तूच म्हणतात. संध्याही मला तूच म्हणायची. आम्ही एकाच आळीतले, बालवाडीपासूनचे, लग्न झालं म्हणून ती काय एकदम अहो-जाहो करणार? उभ्या जन्मात एकदाच तिनं मला ‘तुमी’ म्हटलं होतं. भावाच्या साखरपुड्याला येतो सांगून मी आलो नव्हतो तेव्हा. चार दिवस घरात ‘तुमी जेवा’, ‘तुमी झोपा’ चाललं होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर उठाबशा काढायला तयार झालो, तेव्हा कुठं ती हसली नि ‘गप रे तू’ म्हणाली.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं टाइम ऑफिसला होतो. गेटच्या आत काचेची खोली, पुढ्यात रजिस्टर. कामगार पाच मिनिटांहून जास्त उशिरा आला की त्याचं नाव, वेळ आणि उशिराचं कारण मी लिहायचं. माणसं काय काय कारणं सांगतात ते मला विचारा. एकाची आजी माझ्या रजिस्टरात तीन वेळा वारली आणि तिन्ही वेळा मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली. खरं-खोटं बघणं माझं काम नव्हतं, रकाना भरलेला पाहिजे. कुणी नुसताच मान खाली घालून उभा राहिला तर मीच विचारायचो, “गाडी लेट लिहू का?” तो सुटल्यासारखा मान हलवायचा. रिकामा रकाना वरच्या साहेबांना चालायचा नाही, आणि भरलेला कुणी वाचायचं नाही. त्यामुळं माझी अशी पक्की समजूत होती की माणसाला काही ना काही कारण सांगता येतंच, नाही आलं तर दुसरा कुणीतरी पुरवतो. गेल्या महिन्यात गेटवर चेहरे ओळखणारं मशीन बसलं आणि टाइम ऑफिस बंद झालं. मला स्टोअरला पाठवलं. ड्रॉवर रिकामा करून किल्ली द्यावी लागली. त्या ड्रॉवरमधली एक वस्तू तेव्हापासून माझ्या डब्याच्या पिशवीत, चमच्याच्या कप्प्यात आहे. घरात ती ठेवायला मला जागा सापडलेली नाही. तीन माळ्यांचं घर आहे माझं, खालचे दोन भाड्यानं दिलेले, वर आम्ही दोघंच, तरी सापडलेली नाही. ती पिशवी आताही माझ्या पायाशी होती.

कोरोनामुळं संध्याला ॲडमिट करून सात दिवस झाले होते. आत कुणाला सोडत नव्हते, जे काय बोलणं ते फोनवर. सातव्या दिवशी तिन्हीसांजेला तिचा फोन आला. नाकातोंडावरचा मास्क बाजूला करून बोलत होती, शब्दाशब्दाला दम लागत होता. “मना काय नको. चार्जर तेवरा आन. चार टक्के हाय.” मी म्हटलं, उद्या सकाळी आणतो. “आन हां,” ती म्हणाली, आणि फोन बंद पडला. तिचा चार्जर आधीच तुटलेला होता. प्रिया तेव्हा सोळा वर्षांची, तिलाही झालेला, आतल्या खोलीत एकटी. सकाळी तिनं स्वतःचा चार्जर काढून दिला. वायर नीट गुंडाळून रबर लावला, त्यावर दवाखान्याची चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘आई, बेड १७’. घरातले चार्जर एकसारखे दिसतात म्हणून ती आपल्यावर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, तोही होता. चार्जर उंबऱ्यावर ठेवून ती मागे सरकली आणि दार लोटता लोटता म्हणाली, “पप्पा, सरळ जा. कुठं थांबू नको.” तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर होते. म्हणाले, तुम्ही या, बघून जा. सात दिवस ‘येऊ नका’ म्हणणारी माणसं ‘या’ म्हणाली, त्याचा अर्थ मला जागच्या जागी कळला. प्रियाला सांगितलं, बोलावलंय, जरा बरी असेल.

तलावापाशी मी थांबलो ते हेल्मेटचा पट्टा गळ्याला काचत होता म्हणून. सैल करून लगेच निघणार होतो. बाकावर टेकलो, पट्टा सोडला, हेल्मेट बाजूला ठेवलं, आणि मग उठता येईना. पायांना काही झालं नव्हतं. मला भीती वाटत होती. ती संध्याची नव्हती, संध्याचं काय व्हायचं ते मला कळलं होतं. मला माझी भीती वाटत होती. आमच्या आळीतली तीन धडधाकट माणसं त्या महिन्यात गेली होती, त्यातला एक माझ्यासोबत क्रिकेट खेळलेला. आत गेलो की ते प्लास्टिकचे कपडे अंगावर चढवणार, मला तिच्या कॉटपर्यंत नेणार, आणि ती हात पुढं करणार. मी तो हात धरणार नाही, हे मला त्या बाकावर स्वच्छ दिसलं. धरणार नाही, आणि ती ते बघेल. एवढ्या वर्षांचा संसार, आणि शेवटी तिला माझा मागे घेतलेला हात दिसेल. मग मी स्वतःला समजावलं की दहा मिनिटं बसू, धीर आला की जाऊ. दहा मिनिटांची वीस झाली. पाण्यात निर्माल्याच्या पिशव्या तरंगत होत्या, त्या मी मोजल्या. चार्जर खिशात होता, मांडीला टोचत होता. दहा वाजता मला वाटलं, आता गेलं तर विचारतील इतका वेळ कुठं होतात. साडेदहाला तेच अधिक वाटलं. उशिरा येणारा कामगार गेटपर्यंत येऊन परत का फिरतो, ते मला त्या दिवशी कळलं.

“मढवी, प्रिया धनेश,” जोतीरामनं आतून हाक दिली, जशी काही ओळख नाही अशी. आम्ही आत गेलो. साहेब पन्नाशीचे, घसा बसलेला, टेबलावर फायलींच्या मधोमध खोकल्याच्या गोळ्या. त्यांनी मला नि प्रियाला खुर्च्या दाखवल्या. शेडगेबाई टेबलाच्या टोकाला उभ्या राहिल्या. प्रिया बोलायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की हा तिचा ऑफिसचा आवाज आहे, मी कधी न ऐकलेला. रागाचा लवलेश नाही. तारीख, वेळ, दवाखान्याचा फोन आल्याची नोंद, मृत्यूचा दाखला, एकेक पान ती साहेबांकडे फिरवून ठेवत होती. “सर, आम्हाला पैसे नको. आमचं म्हणणं एवढंच, की पावतीवरचा शब्द खोटा आहे. तो खोडून खरं कारण लिहा, मॅडमनी लेखी माफी मागावी आणि त्यांच्या सेवापुस्तकात नोंद करावी.” मग तिनं बाईंचा लेखी खुलासा पुढं केला. तो महिन्यापूर्वी पोस्टानं आला होता. ‘सदर इसम बाकावर बसलेले आढळले. कारण विचारले असता सांगितले नाही.’ त्या दोन ओळींवर प्रियानं पिवळा मार्कर ओढला होता. घरी तो कागद तिनं माझ्यापुढे धरला होता. “बाकावर बसलेले म्हणे. बघ ना पप्पा, माणसं नोकरीसाठी किती खोटं बोलतात.” मी कागद बघितला होता आणि चष्मा पुसत म्हटलं होतं, जाऊ दे. तिला वाटलं, बाप मोठ्या मनाचा आहे. माझ्या नावावर तिनं असं बरंच काही जमा करून ठेवलं आहे, आणि त्यातलं एक जरी ओढून काढलं तर बाकीचं उभं राहील का, याचाच मला सहा महिने घोर होता. आई गेलेल्या पोरीला एक बाप उरला आहे, तो वाटेत अडवला गेलेला बाप आहे. बसून राहिलेला बाप मी तिला कुठल्या तोंडानं देऊ?

साहेबांनी स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहिलेली पावतीची कार्बनकॉपी, मागवली होती. जुनं पावतीपुस्तक, कोपरे वाळवीनं खाल्लेले. त्यांनी आमचं पान उघडलं. कार्बनची अक्षरं फिकी झाली होती, तरी ‘विनाकारण’ वाचता येत होतं, आणि खाली माझी सही, टाइम ऑफिसची, लफ्फेदार. ती सही बघून मला सगळं जसंच्या तसं आठवलं. पथकाची जीप तलावापाशी थांबली, भोंग्यावर सूचना चालू होत्या. बाई उतरून आल्या, चार हात लांब उभ्या राहिल्या. “काका, तिथं ऊन यायला लागलंय. जरा सावलीला सरका,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मग, “कुठं निघालाय?” मी म्हटलं, कुठं नाय. “औषधाला आलाय का?” नाय. “दवाखान्यात कुणी हाय का?” या प्रश्नाला मी मान हलवली, आडवी. खिशात चार्जर, त्यावर बेडचा नंबर, आणि मी आडवी मान हलवली. ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथून उठवून जीपमागे वाशीला पाठवलं असतं. त्या चौथ्यांदा म्हणाल्या, “अहो कायतरी सांगा, म्हंजे मला सोडता येईल. भाजी लिहू का? भाजीला निघालाय लिहू?” इतकी वर्षं मी जे माणसांना करत आलो ते त्या मला करत होत्या. पेन रकान्यावर धरलेलं होतं. मी म्हटलं, “विनाकारण लिहा.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी परत म्हटलं, “लिहा हो. विनाकारण.” पैसे दिले, सही केली. जीप गेली. मी आणखी अर्धा तास बसलो. पावणेबाराला उठलो तो हिंमत आली म्हणून नव्हे, मागच्या बाजूला सावली आली होती आणि तिथं एक कुत्रं येऊन भुंकायला लागलं म्हणून. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारून खुर्ची दिली.

“शेडगे, तुमचं काय म्हणणं?” साहेबांनी विचारलं. आता त्या सांगतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी मी आतून आशाच धरली होती. त्यांनी सांगावं, प्रियानं ओरडावं, मी मान खाली घालावी. माझ्या वाट्याला फक्त मान खाली घालणं येईल. बाईंनी साहेबांकडे बघितलं नाही. त्यांचं लक्ष प्रियाच्या फाइलवर होतं. फाइलच्या पहिल्याच पानाला संध्याचा फोटो लावला होता, नथ घातलेला, गावकीच्या पालखीतला. “साहेब,” त्या म्हणाल्या, “मी त्यांना कारण विचारलं हुतं. ते बोलले न्हाईत. पण एवढ्या उन्हात माणूस, चेहरा असा पांढराफटक, बरं वाटतंय का हे मी विचारायला पायजे हुतं. त्या दिवसातली कितवी पावती हुती कुणास ठाऊक, हात आपला चालत हुता. आता खुलाशात मी बाकाचं लिवलंय, पण पाच वर्षं झाली. माझ्या ध्यानात चुकीचं ऱ्हायलं असंल. त्यांना माझ्यापायी उशीर झाला असंल, तर चूक माझी हाय.” मग प्रियाकडे वळून, हात जोडून, “ताई, मला माफ करा. माझी आई पण त्याच सालात गेली.” प्रियाचा हात फाइलवर होता, तो तिथंच थांबला. तिचे डोळे भरले. पाच वर्षांत मी तिला कुणापुढं असं बघितलं नव्हतं.

हे असं होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बाईंनी माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, सतरा वर्षांच्या नोकरीसकट. कुणासाठी? माझ्यासाठी नक्कीच नव्हे. माझ्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या पोरीला तिचा बाप राहू द्यावा म्हणून. मला सुटका मिळाली होती. आता मला फक्त गप्प बसायचं होतं, आज, उद्या, प्रियाच्या लग्नात, तिच्या पोरांना ती ही गोष्ट सांगेल तेव्हा, मरेपर्यंत. त्या बाकावरून मी कधी उठणारच नव्हतो.

“मग मिटलं,” साहेब घसा खाकरत म्हणाले. त्यांनी एक छापील दुरुस्तीपत्रक काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “मढवी, तुमच्या अक्षरात कारण लिहा. ‘रुग्णालयात जात असताना’ एवढं पुरे. खाली सही. ते लावलं की शेडगेंची नोंद मी आजच्या आज पाठवतो.” पत्रकावर नाव, ठिकाण, वेळ आधीच टाईप केलेलं होतं. कारणाचा रकाना तेवढा कोरा. मी पेन हातात घेतलं. असे रकाने मी हजारांनी भरले आहेत. ‘रु’ लिहिला. अक्षर चांगलं आलं. ‘ग्णा’ लिहायला गेलो आणि माझ्या पायाला डब्याची पिशवी लागली.

मी पेन ठेवलं, पिशवी मांडीवर घेतली आणि चमच्याच्या कप्प्यातून ती वस्तू काढून टेबलावर, पत्रकाच्या वर ठेवली. रबर वाळून वायरीला चिकटला होता. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण अक्षर वाचता येत होतं. प्रियानं आधी तो जांभळा ठिपका बघितला.

“हा तुला कुठं भेटला?”

“माझ्याकडेच होता.”

“म्हणजे? तू बोललास तिथंच राहिला गडबडीत.”

“आत गेलोच नाय मी, प्रिया. वेळेवर गेलोच नाय. बाईंनी आधी लिहिलं तेच खरं. मी बसलो होतो. नऊपासून. त्यांनी चारदा कारण विचारलं, दवाखान्यात कुणी आहे का तेही विचारलं. मी नाय म्हटलं. विनाकारण लिहा, हे त्यांना मीच सांगितलं.”

साहेबांनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. शेडगेबाई खिडकीबाहेर बघत होत्या. जोतीराम दारात होता, तो मागच्या मागे सरकला.

“का?” प्रियानं विचारलं. आवाज ऑफिसचा नव्हता. सोळा वर्षांची असताना दाराआडून यायचा तो होता.

“भीती वाटली.”

“कसली?”

“मला होईल, याची.”

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात, मला काहीच वाटलं नाही. फक्त तिची नजर हलावी असं वाटत होतं आणि ती हलत नव्हती. मग तिनं चार्जर उचलला. रबर काढायला गेली तर तो तुटून दोन तुकडे झाले. वायर उलगडली नाही, इतक्या वर्षांत तिला गुंडाळलेलंच वळण पडलं होतं. तिनं तो पर्समध्ये टाकला. फाइलमधला बाईंचा खुलासा काढून घेतला, पिवळी ओळ आत जाईल अशी घडी घातली आणि म्हणाली, “सर, तक्रार मागे घेते. कुठं लिहून द्यायचं?” साहेबांनी कागद दिला. सही करून ती उठली, शेडगेबाईंपुढे गेली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. त्या बाईंनी दुसरा हात वरून ठेवला. मी ते हात बघत होतो.

व्हरांड्यात आता सगळ्या बाकावर ऊन होतं. मी तिच्यामागून जिन्यापर्यंत गेलो. ती दोन पायऱ्या उतरून थांबली, मागे वळली, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, पिशवीकडे बघितलं.

“डबा खाऊन घ्या तुमी,” ती म्हणाली. “मला ऑफिसला जायचंय. वाट बघू नका.”

मी कठड्याला धरून उभा राहिलो. खाली फाटकापाशी तिनं रिक्षाला हात केला आणि गेली. संध्याचे चार दिवस होते. हिचे किती असतील, ते विचारायला मला तोंड नव्हतं.